दसऱ्यानंतरचे नऊ बिल्ले

१

सुचिता वाडकर शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास देवासमोर बसल्या बसल्या कलंडल्या, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर एकेचाळीसवर आली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मधुमेहाच्या गोळ्यांचा. शनिवारी मुलाने घरी येऊन गोळ्या मोजल्या. एकवीस उरायला हव्या होत्या, उरल्या होत्या बारा. रविवारी दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळलं होतं की बी विंगमधल्या वाडकरांकडे दिवसभर असणारी बाई पेशंटला जास्तीच्या गोळ्या देऊन गुंगीत ठेवत होती.

ती बाई सोमवारी सकाळी साडेनऊला गीतांजली सबनीसच्या दारात उभी होती. चपला काढलेल्या नव्हत्या. उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला न टेकता ती उभी होती.

"मॅडम, तुमी सरकारात वजनं-मापं तपासायच्या ना?"

"तपासायचे. तीन वर्षं झाली सोडून."

"मंग आता माजं पन तपासा. गेटवर अडवत व्हते, तुमचं नाव सांगून आत आले."

गीतांजलीने एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली होती, त्यातली निम्मी वाशीच्या घाऊक बाजारात. कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढायची, काट्यावर प्रमाणित वजनं चढवायची आणि तोलाऱ्यांच्या शिव्या न ऐकल्यासारख्या करायच्या. निवृत्तीनंतर गुडघे उरले होते आणि सोसायटीतली भांडणं. पाण्याचा मीटर जास्त पळतो, दूधवाला माप मारतो, सिलिंडर हलका येतो, या सगळ्यासाठी लोक तिच्याकडे यायचे. तिला त्याचा कंटाळा आला होता. नाही म्हणायलाही आता बळ लागत होतं.

"आत ये, पुतळा."

"नको. परत कोन काय बोललं तर?"

"माझ्या घरात माझ्याशिवाय बोलायला कुणी नाही. ये."

पुतळा घणसोली गावातली. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे गावातली घरं सुरू होतात, तिथून ती रोज सकाळी आठला यायची आणि संध्याकाळी सहाला जायची. खुर्चीवर न बसता ती फरशीवरच बसली आणि एकदम बोलायला लागली.

"माज्या हाताला गोळी कदी लागलीच नाय मॅडम. काका सकाली मावशींना एक बिल्ला देतात. मावशी सोता तो गोळ्यांच्या मशीनमंदी टाकतात, कान पिरगलतात, गोळी पडते, मावशी खातात. मी पानी आनायला वळते तेवढ्यात खाऊन बसलेल्या. कोनाला मधे येऊ देत नाहीत. बोलतात, मी काय आजारी हाय?"

"किती पडतात ते तू कधी पाहिलंस?"

"एकच पडते ना. एका बिल्ल्याला एक." ती थांबली. "मावशी काय बी बोलतात. एकदा बोलल्या, आज दोन पडल्या. त्याच दिवशी बोलल्या, आई भेटायला आली व्हती. आई त्यांची कदीच गेली. मी काकांना सांगितलं, तर काका बोलले, तिच्या बोलन्यावर जाऊ नको."

"मशीनच्या झाकणाची किल्ली कुठे असते?"

"देवाच्या मागं, खिल्याला. मला म्हाईत हाय, सगल्यांना म्हाईत हाय." पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "केयूरदादा बोलले, आज संध्याकाली पोलिसात देतो. कामं देनाऱ्या ब्युरोवाल्यांनी कालच नाव काडलं माजं. मॅडम, मी आठ वर्षं म्हातारी मान्सं सांबाळली. आता मला दारात कोन उबं करल?"

२

सुचिताबाईंचे यजमान नंदकिशोर वाडकर तळोज्याच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. नावड्याच्या कॉलनीत त्यांची पंचवीस वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी भंगारातून कपाटं आणि पंखे उचलले. वाडकरांनी उचललं ते कॅन्टीनचं टोकन-मशीन.

ते आता त्यांच्या दिवाणखान्यात, देवघराशेजारी, स्टुलावर उभं होतं. हिरवा ओतीव लोखंडी सांगाडा, पुढे पितळी पत्रा, चार स्क्रू, पोटात पितळेची उभी नळी. आतली थप्पी दिसावी म्हणून नळीला काचेची चीर. उजवीकडे फिरवायचा कान, खाली छोटं ताट. पितळेवर हळदकुंकवाची बोटं अजून होती, आणि कानाला झेंडूचा वाळलेला देठ अडकलेला होता.

"खंडेनवमीला पुजतो मी दरवर्षी," वाडकर म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा उंच माणूस, पण आज सदऱ्यात मावत नसल्यासारखा आक्रसलेला. "पूर्ण खोलतो, घासतो, तेल देतो, परत बसवतो. यात चूक होत नाही, मॅडम. माझं मशीन चुकत नाही."

"मूळ काय काम करायचं हे?"

त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "शिफ्ट सुरू होताना कामगाराने कार्ड घालायचं, कान फिरवायचा. खट-खट! एक बिल्ला चहाचा, एक नाश्त्याचा. मी ते उलटं केलं. आता बिल्ला वरून आत जातो, तेव्हाच कान सुटतो, आणि नळीतली गोळी खाली येते. बिल्ला जातो तळाच्या पेटीत. हिला गोळी घेतल्याचं आठवायचं नाही, दिवसातून तीनदा घ्यायची. आता दिवसाला मी एकच बिल्ला देतो. दोन वर्षांत एकदाही घोळ नाही."

"बाबा, घोळ झालाय," केयूर म्हणाला. तो लॅपटॉप मिटून मधे येऊन उभा राहिला. "काकू, सिम्पल आहे. नवमीला दुपारी बाबांनी तीस गोळ्या भरल्या. दसऱ्यापासून शुक्रवारपर्यंत नऊ दिवस. पेटीत बिल्ले किती? नऊ. गोळ्या किती गेल्या? अठरा. म्हणजे नऊ गोळ्या बिल्ल्याशिवाय गेल्या, झाकण उघडून. दिवसभर आईजवळ कोण असतं? मी ऑफिसला, अस्मिता ऑफिसला, बाबा दुपारी झोपतात."

"पेशंट गुंगीत असला की बाईला टीव्ही बघता येतो," केयूरची बायको अस्मिता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. कठोर बोलायचं तिने ठरवलेलं दिसत होतं, पण आवाज दमलेला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मी पहिल्यापासून सांगत होते, ट्रेन्ड माणसं हवीत. घरात जमत नाही हे."

तिच्या मागे फ्रिजवर चुंबकाखाली एक फॉर्म लावलेला होता. कर्जतजवळच्या कुठल्याशा काळजी-केंद्राचा. नाव भरलेलं होतं, सही बाकी होती.

"दसऱ्यापासून इतके दिवस काही झालं नाही, आणि शुक्रवारीच का?" गीतांजलीने विचारलं.

"दसऱ्याची श्रीखंड-पुरी, मग कोजागिरीचं दूध," अस्मिता म्हणाली. "गोडधोडात निभावलं असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी संकष्टी होती. आईंनी उपास धरला आणि आम्हाला सांगितलंच नाही."

गीतांजलीने वहीत तीन आकडे लिहिले. नऊ, अठरा, बारा. बाजारात तिने हजार प्रकारच्या चोऱ्या पाहिल्या होत्या. चोर कधी जास्त घेतो, कधी घाबरून सोडून देतो. नऊ दिवसांत नेमक्या नऊ गोळ्या म्हणजे चोराच्या अंगी फारच शिस्त हवी.

अशी शिस्त तिने फक्त यंत्रांत पाहिली होती.

३

"गोळ्या त्याच आहेत, की या महिन्यात बदलल्या?"

अस्मिताने पटकन वर पाहिलं. "कंपनी बदलली. औषध तेच. केमिस्टकडे जुनी नव्हती."

"कोणी आणल्या?"

"मी. का?"

"जुनी एखादी आहे?"

जुन्या पाकिटात दोन उरल्या होत्या. गीतांजलीने पर्समधून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. तो बरोबर बाळगायची सवय तिला निवृत्तीनंतरही सोडवली नव्हती. जुनी गोळी जाडीला तीन पूर्णांक एक मिलिमीटर. नवी तीन पूर्णांक शून्य. तिने दोनदा मोजलं. नवी गोळी फार पातळ असती, तर एकीच्या जागी दोन घसरल्या असत्या. एक दशांशाने काही होत नाही.

अस्मिता मघापासून श्वास धरून उभी होती. तिने तो सोडला. "माझ्यावरही संशय होता का, काकू?"

"मी अजून मोजतेच आहे." ती वाडकरांकडे वळली. "तीन बिल्ले द्या मला."

वाडकरांनी खिशातून तीन बिल्ले काढून दिले. घासून सोन्यासारखे झालेले. देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पहिला बिल्ला आत गेला. तिने कान फिरवला. खट. ताटात एक गोळी.

दुसरा. खट. एक.

तिसरा. खट. एक.

काचेतून तिने थप्पी मोजली. बारातून तीन गेल्या, नऊ उरल्या. अगदी बरोबर.

"झालं समाधान?" केयूर म्हणाला. उद्धटपणे नाही, थकून. "मी सहाला निघतोय पोलीस स्टेशनला. तुम्हाला उगाच त्रास दिला त्या बाईने."

गीतांजली स्टुलासमोर वाकलेलीच राहिली. गुडघ्यातून कळ आली. मशीन निर्दोष होतं. म्हणजे पुतळा खोटं बोलली होती, किंवा बाजारातलीच एक जुनी गोष्ट इथे झाली होती. निरीक्षक तपासायला येतो तो काटा, आणि आदल्या दिवशी माल तोललेला काटा, हा दर वेळी एकच नसतो.

पितळी पत्र्यावर, मशीनच्या कपाळाशी, कुंकवाचं मोठं बोट सुकून चिकटलं होतं. पण पत्रा धरून ठेवणारे चारही स्क्रू लख्ख होते.

४

"मॅडम, चहा घेता का? ही मुलं विचारायची नाहीत."

देवघरासमोरच्या पाटावर सुचिताबाई बसल्या होत्या. हाताच्या शिरेवर सलाईनच्या पट्टीचा चौकोन होता. केस कुणीतरी घाईने विंचरले होते. त्या समईची वात सारखी करत होत्या, पण समई पेटलेली नव्हती.

"नको. मी इथेच बसते थोडा वेळ. चालेल ना?" गीतांजली हळूहळू खाली बसली. "समई लावायची आहे का?"

"दोन दिवस लावली नाही कुणी. सगळे कुठे गेले होते कोण जाणे. कालही नाही लावली." सुचिताबाईंनी समईला बोट लावलं. ती किंचित हलली. "आणि ही डुगडुगते मेली. मी तिच्याखाली छान पट्टी ठेवली होती. जाड. घट्ट बसली होती समई. कुणी नेली?"

"आई, कसली पट्टी?" अस्मिता मागून म्हणाली. "नव्हतीच कधी. काकू, त्या असं काहीतरी…"

"होती गं. पितळेची. सगळं पितळ घासलं मी त्या दिवशी, पितांबरी लावून. घासून घासून बोटं दुखली. त्यातलीच."

"आई, बरं."

सुनेच्या त्या 'बरं'मध्ये गीतांजलीला या घराची दोन वर्षं ऐकू आली. सुचिताबाईंनाही आली असावीत. त्या परत वात सारखी करू लागल्या.

गीतांजलीने समई दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. खाली पुठ्ठ्याचा तुकडा होता. चार पदरी, चारही कडा करकरीत, कोपरे काटकोनात. कापायच्या आधी आखलेली सुईसारखी रेघ अजून दिसत होती. त्यावर तेलाचा एक थेंबही नव्हता. पुठ्ठा उचलला, तर खाली पाटाच्या लाकडावर तेलाचा काळपट डाग होता, मधे आयताकार कोरडी जागा सोडलेला. आयताचा एक कोपरा तिरका कापलेला. तिने व्हर्नियर लावला. चव्वेचाळीस मिलिमीटर लांब, बारा रुंद.

लाकडावर ओघळलेलं तेल खोटं बोलत नाही. इथे बरेच दिवस काहीतरी ठेवलेलं होतं, आणि ते पुठ्ठ्याचं नव्हतं.

तिने पुठ्ठा उलगडला. ते औषधाचं खोकं होतं. आतल्या बाजूला नाव छापलेलं होतं.

"अस्मिता, हे औषध कधी आणलं?"

"हे? हॉस्पिटलमधून डिस्चार्जला दिलं. काल. दुपारी बाराला." अस्मिता जवळ आली. "त्याचं खोकं इथे कसं?"

"खंडेनवमीच्या पूजेचा फोटो आहे तुझ्या मोबाईलमध्ये?"

फोटो होता. मशीनला झेंडूची माळ, पुढे वाडकरांची हत्यारं मांडलेली, पान्यावर पानसुपारी. गीतांजलीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पत्र्यावरच्या चारही स्क्रूंना कुंकवाचं एकेक बोट लावलेलं होतं. आता एकावरही नव्हतं.

"काल आल्यापासून पुतळा या घरात आली होती?"

"नाही हो. शनिवारपासून तिला गेटवरच अडवायला सांगितलंय."

अस्मिताने हे उत्तर दिलं, आणि आपण काय बोललो ते तिच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं. तिची नजर पुठ्ठ्याच्या काटकोनी कडांकडे गेली. मग गॅलरीच्या दाराकडे.

५

बंद केलेल्या गॅलरीत वाडकरांचा बाक होता. काम पकडायचा शेगडा, कानशी, भिंतीवर बाह्यरेखा आखून टांगलेले पाने. वाडकर स्टुलावर बसले होते. हातात काही काम नव्हतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पाण्याच्या टाकीवर पांढरं झालं होतं.

गीतांजलीने दार लोटून घेतलं आणि पुठ्ठा बाकावर ठेवला.

"मी बोलते. चुकलं तिथे थांबवा. कॅन्टीनमध्ये हे मशीन एका फेरीला दोन बिल्ले टाकायचं. गोळीसाठी तुम्हाला एकच हवी होती. म्हणून तुम्ही नळीच्या तळाला एक पट्टी बसवलीत. पट्टीवर थप्पी वर उचलली जाते, आणि ढकलणाऱ्या जिभेपुढे एकच गोळी येते. पट्टी काढली की जुन्या सवयीने दोन."

वाडकरांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"नवमीला तुम्ही सगळं खोललंत. पितळ सुचिताबाईंनी घासलं. समई डुगडुगत होती, त्यांना पट्टी दिसली. त्यांनी ती समईखाली ठेवली. तुम्ही मशीन पट्टीशिवाय बसवलंत. दसऱ्यापासून एका बिल्ल्याला दोन गोळ्या पडत होत्या. नऊ बिल्ले, अठरा गोळ्या. कुणी झाकण उघडलं नाही, कुणी गोळी चोरली नाही. पट्टी काल परत मशीनमध्ये गेली, म्हणून आज माझ्यासमोर एकेक पडली. कालच्या खोक्याचा पुठ्ठा समईखाली आला. पुतळा तेव्हा गेटच्या बाहेर होती. केयूरच्या हातून इतका काटकोन निघत नाही. स्क्रूंवरचं कुंकू तुम्ही पुसलंत की पान्याने निघालं?"

"पान्याने," वाडकर म्हणाले. "ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

"पट्टीचा कोपरा तिरका कापलाय."

"उलटी बसू नये म्हणून." त्यांनी डोळे मिटले. "पंधरा भाग आहेत, मॅडम. दरवर्षी मोजून काढतो, मोजून बसवतो. या वर्षी मोजले नाहीत. ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, आज वार कोणता. मी सांगत होतो. परत विचारत होती. रात्रभर असंच असतं. दोन वर्षं सलग झोप नाही मला. त्या दिवशी कसंतरी बंद केलं आणि फुलं वाहिली."

"आणि काल?"

"काल तिला घरी आणलं. मी मशीनसमोर बसलो. कान फिरवला. खट-खट." तो आवाज त्यांनी इतक्या हळू काढला की तो जेमतेम ऐकू आला. "चाळीस वर्षं ओळखतो मी तो आवाज. दसऱ्यानंतर मी तिच्याजवळ उभाच राहिलो नव्हतो. बिल्ला द्यायचा आणि आडवं व्हायचं. ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्या दोन गोळ्या वरून परत नळीत टाकल्या आणि पट्टी शोधत बसलो. सापडली देवापुढे."

"पुतळाने तुम्हाला सांगितलं होतं. सुचिताबाई म्हणाल्या, दोन पडल्या."

"सांगितलं होतं."

बाजारात अशा वेळी ती पावतीपुस्तक काढायची. चूक सगळ्यांच्या काट्यात असते. वजन झिजतं, स्प्रिंग सैल होते, त्याला ती दुरुस्तीची मुदत देत असे. पण चूक कळल्यावर काट्याखाली काहीतरी सरकवणारा माणूस वेगळा. त्याच्याशी बोलताना तिचा आवाज कधी चढला नव्हता. आजही चढला नाही.

"ती बाई संध्याकाळी पोलिसांपुढे उभी राहणार आहे, वाडकर."

"फ्रिजवरचा फॉर्म पाहिलात ना? केयूर म्हणतो, बाबा, तुम्हाला झेपत नाही. मी त्याला दर वेळी हे मशीन दाखवायचो. बघ, झेपतं. हे मीच चुकवलं म्हटलं तर ती उद्या कर्जतला. सकाळी उठून ती मला विचारते, आज वार कोणता. तिथे कुणाला विचारेल?" त्यांनी बाकावरचा पुठ्ठा उलटा केला, परत सुलटा केला. "पुतळाला दुसरं काम मिळेल असं वाटलं मला."

"मिळणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे."

बाकाच्या कडेला धरून वाडकर उभे राहिले. एकदा बसले. परत उठले.

"मी सांगू का केयूरला?" गीतांजलीने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "भाग मी बसवलेत."

६

ते दिवाणखान्यात उभे राहून बोलले, शिफ्टचा अहवाल द्यावा तसे. तारीख, वेळ, काय केलं, काय केलं नाही. केयूर मधे एकदा "बाबा, थांबा" म्हणाला, पण ते थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "आणि काल कळल्यावरही मी गप्प बसलो. ती चूक नव्हती."

सुचिताबाई देवघरातून मान वळवून ऐकत होत्या. किती कळलं ते सांगता येत नव्हतं. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, दोन पडल्या."

अस्मिताने गेटवर फोन लावला.

पुतळाला गेटवरून बोलावलं. ती आली, पण या घराचाही उंबरा तिने ओलांडला नाही. केयूरने माफी मागितली, अस्मिताने मागितली. वाडकर हात जोडायला गेले, तेव्हा मात्र ती एक पाऊल मागे सरली.

"नको काका. तुमी मोठे. पन जिथं माजं नाव लिवलं, तिथंच हे लिवा. ग्रुपवर. आनी ब्युरोवाल्यांना फोन करा, माज्यासमोर."

केयूरने तिथेच उभं राहून लिहिलं. पुतळाने ते गीतांजलीकडून दोनदा वाचून घेतलं. फोनही झाला. मग ती निघून गेली. कामावर येते असं म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.

गीतांजली घरी जाऊन पंख्याखाली पडली. संध्याकाळपर्यंत ती उठली नाही.

गुरुवारी सकाळी सहालाच वाडकरांचा फोन आला. डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती. कमी ताकदीची, पातळ. पट्टी नव्या मापाची करावी लागणार होती. "मी मोजलंय. पण तुम्ही मोजा."

तिने जाऊन मोजलं. दोन पूर्णांक चार. वाडकरांनी तेवढा आकडा लिहून घेतला आणि बाकावर तासभर कानस चालवली. फ्रिजवर फॉर्म अजून होता, सही अजून बाकी होती. तो तिथे किती दिवस राहील ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्याच्याखाली आता कागदाचा दुसरा तुकडा होता, केयूरच्या अक्षरात. आठवड्यातून तीन रात्री आईजवळ कोण झोपणार, त्याचे वार.

सव्वाआठला दार वाजलं. पुतळाने चपला काढल्या, आत आली आणि पदर खोचला.

"मी एका बोलीवर येते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मावशी काय बोलल्या तर आदी बगायचं. मंग बोलायचं, बरं."

अस्मिताने मान हलवली.

वाडकरांनी बिल्ला सुचिताबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो आत टाकला, कान फिरवला. खट. त्यांनी गोळी तळहातावर घेतली आणि पाहत राहिल्या.

"एकच?"

"एकच," वाडकर म्हणाले. मग ते थांबले. सकाळी त्यांनी स्वतः पंचवीस वेळा चालवून पाहिलं होतं, गीतांजलीने दहा वेळा. तरी ते वाकले, ताटात पाहिलं, कानाखाली बोट फिरवून पाहिलं, आणि पाण्याचा पेला घेऊन उभ्या असलेल्या पुतळाकडे मान वर करून विचारलं,

"एकच ना गं?"

पुतळाने पेला खाली ठेवला. त्यांच्याशेजारी वाकून तिने ताट नीट पाहिलं.

"हां काका," ती म्हणाली. "एकच हाय."